भिंतीत उगवलेला सरवा

भुसकट गोळा करायचं काम माझ्याकडं आलं ते माझ्या आवाजामुळं. बचत गटातल्या आम्ही सगळ्याच बाया बोलक्या, पण या बांधावरून त्या बांधावरचा ट्रॅक्टर थांबवायचा तर हाक माझीच पोचते. नवरा म्हणतो, "हिला मोबाइल कशाला घेऊन दिला कुणास ठाऊक." आवाजाच्या जोडीला रागही आहे, तो कायम नाकाच्या शेंड्यावर बसलेला. या दोन्ही गोष्टींचा मला तोवर जरा अभिमानच होता. बाई अशी असली म्हणजे तिच्या वाटेला कुणी जात नाही, असं मला वाटायचं.

आमचं गाव परंड्याहून सोनारीला जाताना रस्ता सोडून आत आहे. पावसाळ्यात शिवारात जिकडंतिकडं सोयाबीन. दसऱ्याच्या आगेमागे कापणी होते, मळणीयंत्र शेतात येतं, एका बाजूनं दाणे पोत्यात पडतात आणि दुसऱ्या बाजूला भुसकटाचा ढीग लागतो. त्यातलं थोडं जनावरांना ठेवायचं आणि बाकीच्याला काडी लावायची, असा सगळ्यांचा रिवाज. त्या दिवसांत गावावर एवढा धूर असतो की डोळे चोळत भाकरी थापाव्या लागतात.

त्याच दिवसांत ऊसतोडीला जाणारी माणसं गाव सोडतात. पोरंबाळं, भांडीकुंडी, कोंबड्या सगळं ट्रॅक्टरवर चढतं आणि म्हातारी माणसं तेवढी दारात उभी राहतात. त्यांच्यासाठी मागं ठेवलेलं धान्य संक्रांतीपर्यंतही पुरत नाही. कुणी एकच वेळ चूल पेटवतं, कुणी कोरा चहा पिऊन पडून राहतं. हे गावात सगळ्यांना माहीत असतं. सगळ्यांनाच माहीत असल्यामुळं त्यावर कुणी बोलत नाही.

मागच्या साली आमच्या गटाला परंड्यात एक प्रशिक्षण मिळालं. भुसकट, पांढरी माती आणि शेण कालवून साच्यात विटा पाडायच्या, त्याच मिश्रणाचा गिलावा करायचा, म्हणजे कमी खर्चात भिंती उभ्या राहतात. खरं सांगायचं तर चिखल तुडवायला आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती, पण बसमधून येताना सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. जे आपण पेटवून देतो त्याच्याच भिंती करू, शाळेशेजारच्या मोकळ्या जागेत स्वयंपाकघर बांधू, घराघरातून पायलीभर ज्वारी गोळा करू आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना रोज गरम भाकरी घालू. पाळीपाळीनं रांधायचं. 'कचऱ्यातून भाकरी' हे शब्द माझेच. मी ते बसमध्येच जोरात म्हणाले, कंडक्टरनंसुद्धा वळून बघितलं. पुढं ते पत्र्याच्या पाटीवर रंगवून घेतले. ती पाटी आता आमच्या गोठ्यात उलटी करून ठेवलेली आहे.

आता सरवा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण शहरातल्या माणसाला ते माहीत नसतं. रास घरी गेल्यावर शेतात जे सांडलेलं, राहिलेलं असतं त्याला आमच्याकडं सरवा म्हणतात, आणि ज्याला शेत नाही त्याचा तो हक्क. त्यासाठी मालकाला विचारावं लागत नाही. माझी सासू होती तोवर सरवा वेचणाऱ्या बाया आल्या की त्यांना आधी पाणी द्यायची. म्हणायची, "येचणाऱ्याला उठवू न्हाय. त्येचंबी पोट याच रानावर हाय." यंत्र आल्यापासून हा सरवा भुसकटात गेला. यंत्र कितीही चांगलं असो, काही दाणे भुसकटाबरोबर उडतातच, काही शेंगा न फुटता तशाच राहतात. बाया चाळण आणि सूप घेऊन येतात, ढिगाशेजारी बसून दिवसभर चाळतात, पाखडतात आणि संध्याकाळी गाठोडं बांधून नेतात. गावातला दुकानदार ते सोयाबीन ठेवून घेतो आणि त्याच्या बदल्यात ज्वारी देतो. त्या ज्वारीवर त्यांचा हिवाळा निघतो.

मावशी त्यांच्यातल्याच एक. माझ्या नात्याच्या कुणी नव्हेत, गाव त्यांना मावशी म्हणतं म्हणून मीही म्हणते. मारुतीच्या देवळामागं पत्र्याची एक खोली, दारात एक शेळी. मुलगा आणि सून ऊस तोडायला कर्नाटकाकडं जातात. अंगानं काटकुळ्या, पण चालतात ताठ. कुणाच्या दारात ताकाला गेल्या नाहीत, त्यामुळं भांडं लपवायची वेळही आली नाही. वाटेत भेटल्या की माझ्या आवाजाची थट्टा करायच्या. "बये, जरा हळू वराड, माजी शेळी आटती तुज्या आवाजानं."

आमच्याच शेतातली मळणी होती. यंत्र हललं आणि मी भुसकट भरायला ट्रॅक्टर घेऊन आले, तर मावशी ढिगाजवळ सूप घेऊन बसलेल्या. मला घाई होती. दुपारपर्यंत आणखी दोन शेतांतलं भुसकट उचलायचं होतं, नाहीतर लोक काडी लावून मोकळे झाले असते.

"मावशी, उठा," मी म्हणाले. "ह्ये भुसकट गटाचं हाय, ह्ये चाळायचं न्हाय."

"चाळून हितंच ठिवते की बाई. मला भुसकट काय करायचंय? दाणं तेवढं घेते."

"चाळलं की बारीक कोंडा वाऱ्यावर जातुय. मातीला तोच धरून ठेवतो."

मावशींनी मान वर करून बघितलं. "आज वारं कुठं हाय?"

वारं खरंच नव्हतं. बांधावरच्या बाभळीचं पान हलत नव्हतं. चूक दाखवली की माणसानं गप्प बसावं, पण मला तेव्हाच जास्त राग येतो. ट्रॅक्टरवरची माणसं ऐकत होती, त्यांच्यासमोर आपला शब्द खाली पडतोय असं वाटलं आणि तोंडातून निघून गेलं, "ए म्हातारे, ऊठ म्हणलं ना! समदं तुमच्यासाठीच चाललंय. थोड्या दिसांनी आयतं बसून खायला मिळंल, मग हे भिकाऱ्यावानी येचत बसायचं काय काम?"

मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे केलं होतं.  सकाळपासून पाखडून सुपात पसाभर दाणे जमले होते, तेही त्यांनी परत ढिगावर ओतले. सूप झटकलं, काखेत धरलं आणि बांधानं निघून गेल्या. मी माणसांना म्हणाले, "भरा." त्या दिवसापासून दुसऱ्या बायांनाही कुठल्या ढिगाला हात लावू दिला नाही. एकदा नियम केला की तो सगळ्यांना सारखा, हे मी गटात ठासून सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी हळूच म्हणालं होतं की मग तोवर त्या काय खातील. मी म्हणाले, तोवर म्हणजे किती, बघता बघता भिंती उभ्या राहतील.

भिंती बघता बघता उभ्या राहत नसतात. पांढरी माती आणायला दिवस गेले, साचा मोडला, विटा वाळल्याच नाहीत, मग दिवाळी आली, मग जागेवरून सरपंचाचं आणि शाळेचं वाजलं. भूक काही पाया भरायची वाट बघत थांबत नाही, एवढी साधी गोष्ट रोज तीन वेळा चूल पेटवणाऱ्या माझ्यासारखीला सुचू नये? पण नाही सुचली. मी कामात होते, आणि चांगल्या कामात होते. चांगल्या कामात असलेल्या माणसाला बाजूचं दिसत नाही.

दिवाळीनंतर एका बाजारच्या दिवशी फाट्यावर मावशी भेटल्या. हातात शेळीचा दोर होता. मी मोटारसायकलवर नवऱ्याच्या मागं बसले होते. "मावशी, कुठं निघालात?" मी विचारलं. "बाजारला," त्या म्हणाल्या. शेळीला घेऊन बाजाराला कशाला जातात हे काय कळत नाही? पण मी एवढंच म्हणाले, "आता झालंच बरं का, स्वयंपाकघर." त्यांनी मान हलवली. गाडी पुढं गेली. नवऱ्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि त्यानं काही बोलू नये असंच मला वाटत होतं.

विटा चढल्या, पत्रे बसले आणि शेवटी गिलावा केला. थंडीचे दिवस असले तरी दुपारचं ऊन कडक होतं आणि ओल्या गिलाव्याला भेगा पडायला लागल्या. सिमेंटच्या भिंतीला पाणी मारायची सवय लागलेली माणसं आम्ही. मी गोणपाटं भिजवून भिंतींना लावायला सांगितली आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारायला लावलं. मातीच्या भिंतीला असं कुणी पाणी मारतं का? पण माझ्यापुढं कोण बोलणार? मागच्या भिंतीवर तर ऊनही येत नव्हतं, तिथं गोणपाटं आठवडाभर ओलीच राहिली.

उद्घाटनाच्या सकाळी गाव जमलं. मंडप नव्हता, पण स्वयंपाकघराच्या मागं सावलीत शाळेची सतरंजी टाकली होती. मागं राहिलेली म्हातारी माणसं एका बाजूला आपापली ताटं घेऊन बसली होती. आत पिठलं शिजत होतं, दोघी-तिघी भाकरी थापत होत्या. पाहुणे भिंती बघायला फिरू लागले तशी मी पुढं होऊन मागच्या भिंतीचं गोणपाट ओढलं.

भिंत हिरवी होती.

आधी मला वाटलं शेवाळ असेल. मग बघितलं तर गिलावा जागोजागी उकलला होता आणि त्यातून कोंब बाहेर आले होते, वाकलेले, डोक्यावर दोन जाड पानं घेतलेले. सोयाबीनचं रोप ओळखायला आमच्या गावात कृषी अधिकारी लागत नाही. कमरेपासून वरपर्यंत भिंत उगवली होती. चांगल्या पेरणीला एवढी उगवण होत नाही.

हसण्याचा जो गलका उठला तो अजून माझ्या कानात आहे. "वैनी, खुरपायला कधी यायचं?" "पीकविमा काढला का न्हाय भिंतीचा?" "युरिया टाका थोडा, शिमग्याला पुन्हा मळणी करू." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं एकजण म्हणाला, आणि मीही हसले. थट्टा मला करता येते तशी सोसताही येते. हसता हसता मला त्या कोंबांमध्ये सुपातून ओतलेले दाणे दिसले आणि माझं हसू तोंडातच राहिलं. एवढं सगळं त्या भुसकटात होतं. म्हाताऱ्यांच्या पोटासाठी बांधलेल्या घरात आम्ही त्यांच्याच पोटाचं धान्य चिणून ठेवलं होतं, वरून रोज दोनदा पाणी घालत होतो.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अहो मावशी, तुमची शेळी आणा! एका दिसात भिंत साफ करंल."

मावशी घोळक्याच्या मागं उभ्या होत्या. ताट नव्हतं त्यांच्या हातात, बघायला म्हणून आल्या असतील. त्या म्हणाल्या, "शेळी इकली की."

हसणं थांबलं. लोक बाजूला झाले आणि मावशी भिंतीजवळ आल्या. आधी त्यांनी नुसतं बघितलं. मग ओल्या गिलाव्यात बोट घातलं आणि एक दाणा बाहेर काढला, अजून न फुटलेला, फुगलेला. तो तळव्यावर घेतला. मग दुसरा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्या माझ्याकडं वळून अगदी सरळ म्हणाल्या, "एवढं हुतं व्हय ह्यात? मला वाटलं, यंदा मशीन चांगलं आलंय."

म्हणजे इतके दिवस त्या स्वतःची समजूत घालत होत्या. 'म्या उगंच हट्ट करत बसले, ढिगात दाणं नसतीलच, पोरीनं उठवलं ते बराबरच असंल,' असं काहीतरी मनाशी म्हणून. माझ्या बाजूनं त्यांनी विचार केला होता. मी मात्र त्यांच्या बाजूनं एकदाही केला नव्हता. भरल्या गावात मला इतकी लाज वाटली की पदरानं तोंड पुसायचं निमित्त करून मी खाली बघत राहिले. माझा तो मोठा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. "मावशी, चुकलं," एवढं मी म्हणाले, तेही त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

त्या दाणे काढत राहिल्या. कुणी त्यांना अडवलं नाही, कुणी मदतही केली नाही. उद्घाटनाला आलेले पाहुणे घड्याळं बघायला लागले, नारळ फुटला, दोन भाषणं झाली. मावशींची पाठ आमच्याकडं आणि बोटं भिंतीत, असं ते सगळं चाललं होतं. भाषणात माझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या गेल्या तेव्हा मला वाटलं भिंत अंगावर पडली तर बरं होईल.

पंगत बसली तसं मी पहिलं ताट वाढून मावशींकडं घेऊन गेले. मनात धाकधूक होती. ही बाई कुणाचं फुकट खात नाही हे मला माहीत होतं, आणि त्यांनी आज हे ताट नाकारलं तर या घराचा आणि माझ्या सगळ्या धडपडीचा काही अर्थ उरणार नव्हता. शिवाय त्यांच्या गालाची हाडं दसऱ्याला होती त्यापेक्षा वर आलेली मला आता दिसत होती. इतके दिवस रस्त्यानं जाता-येता ती दिसली नव्हती.

"मावशी, जेवा," मी म्हणाले.

त्यांनी ताटाकडं बघितलं, मग मागच्या दारातून आत चुलीशेजारी ठेवलेल्या ज्वारीच्या पोत्याकडं. घराघरातून आलेल्या धान्याचं ते पोतं. "समद्यांनी घातलं व्हय ह्याच्यात?"

"व्हय."

"मग माजं बी घे," म्हणून त्यांनी पदर पुढं केला. मातीनं माखलेले दाणे होते, पसाभर. दसऱ्याला सुपातून ओतले होते तेवढेच असतील. मी ताट खाली ठेवलं आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत ते घेतले. माझ्याच हातांनी हिसकावलेलं मला दान म्हणून मिळत होतं आणि मला ते घ्यावं लागत होतं, कारण घेतलं नसतं तर त्या जेवल्या नसत्या. ओल्या मातीचा वास येत होता. ज्वारीत कालवता येणार नव्हते म्हणून एका वाटीत ठेवले आणि ती वाटी पोत्यावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

मग मावशी बसल्या. मांडी घालून, पदर सावरून, ज्याचा वाटा आहे तो माणूस बसतो तशा. भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, पहिला घास घेतला. मी समोर उभीच होते. त्या चावता चावता थांबल्या आणि कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "कुणी केलंय पिठलं? अळणी हाय की!"

पिठलं मीच केलं होतं. मी मीठ आणायला आत पळाले. बोलणी खाऊन मला आयुष्यात कधी एवढं बरं वाटलं नव्हतं. मीठ वाढलं, त्यांनी बोटानं कालवलं, चाखलं आणि मान हलवली. दुसरी भाकरी मागून घेतली. मी अजून तशीच उभी आहे हे बघून म्हणाल्या, "बस की आता. उभ्या उभ्या काय बघतीस? जेव तू बी."

ढिगाजवळ मी त्यांना ऊठ म्हणाले होते. मी ताट घेतलं आणि त्यांच्या शेजारी बसले. समोर ती हिरवी भिंत होती. तिच्याकडं बघत मला भाकरी मोडवेना, तेव्हा मी ताट उचललं आणि भिंतीकडं पाठ करून बसले.